चतुःसीमा

दावा क्रमांक एक. सव्वा पान, एकच वाक्य,
पूर्णविराम शेवटी, तोही नाइलाजाने दिलेला.
सकाळपासून मी त्याच्याभोवती फिरते आहे
उद्यमनगरातल्या माडीवर. खाली बाबासोंचं लेथ,
लोखंडाच्या किसाचा वास कागदाला लागलेला.

"ज्यात आर-एक म्हणजे हायड्रोजन, किंवा मिथिल,
किंवा एक ते सहा कार्बनांची कोणतीही साखळी..."

साखळी म्हटलं की आबा.
मोजणी खात्यात होते. तेहतीस फूट, सोळा आणे,
कडी न् कडी हाताला माहीत.
दोन भावांच्या मधोमध उभे राहून
दोघांच्या शिव्या खायचे, आणि घरी येऊन म्हणायचे,
जमीन कधी भांडत नाही गं,
भांडतो तो कागदावरचा एखादा शब्द. 'लगत', म्हणे.

इथे तो शब्द आहे 'समाविष्ट'.
'फक्त यांनीच बनलेले' लिहिलं असतं
तर दार लागलं असतं, आम्ही बाहेर, सुखरूप.
'समाविष्ट' हे रबराचं कुंपण.
तुम्ही शेजारी काहीही ठेवा,
ते ताणून तुम्हालाही आत घेतं.

असो. हे पेटंट पुढच्या मार्चात सुटतं.
गोम दुसऱ्यात आहे:
तेच औषध, पण पाण्याचा एक रेणू
मुठीत धरून बसलेला स्फटिक. त्याला अजून नऊ वर्षं.
कोरडा स्फटिक मात्र कुणाचाच नाही.
गायरान म्हणा.

मग आबांच्या सवयीने चतुःसीमा लिहिते.
पूर्वेस: हैदराबादची कंपनी, परवाना घेऊन गप्प.
उत्तरेस: अहमदाबादचे दोघे, हरकत दाखल,
चार वर्षं नुसती तारीख.
दक्षिणेस: बंगळूर. तिथून काहीच दिसत नाही,
आणि अर्ज अठरा महिने झाकलेला राहतो,
म्हणून त्या बाजूला मी पेन्सिलीने लिहिते.
पश्चिमेस:

फोन वाजला. गोकुळ शिरगावहून मुल्लाणी.
"मॅडम, कोरडंच बनवलं होतं.
झाकण लावून ठेवलं होतं. तेवीस दिवसांनी एक्स-रे काढला,
तर साडेनऊवर एक नवीन शिखर.
बारकं आहे. पण आहे.
आम्ही कुणी काही केलं नाही, आईशप्पथ."

मला ठाऊक आहे. कुणी हद्द ओलांडली नव्हती.
भुकटी नुसती बसली होती बाटलीत,
आणि श्वास घ्यावा तसं तिनं
हवेतलं पाणी घेतलं.
त्या पाण्यासकट ती आता दुसऱ्याची.

चिखलीच्या पुरानंतर एकदा
हद्दीचा दगड तिसऱ्याच्याच उसात सापडला होता.
आबा दुपारभर त्याच्याशेजारी उकिडवे बसले
आणि पंचनाम्यात लिहून आले:
दगड जागेवर आहे, जागा हलली आहे.
साहेबांनी तो कागद फाडला. मोजणी पुन्हा झाली.

दुपारी निगवेकरांचा फोन. मालक माणूस,
चाळीस पानं वाचणार नाही.
"एका शब्दात सांगा की. हाय का वाट?"
मी म्हटलं, संध्याकाळी सांगते.

लेथ थांबलं. बाबासो वर आले, चहा घेऊन.
टेबलावरचं नाव वाचून म्हणाले,
"ही तर आमच्या मंडळींची गोळी.
दोनशे बारा रुपयाला पट्टी. अर्धी अर्धी देतोय.
सुरीनं नीट मोडत न्हाई, भुगा होतो."
चहा ठेवून गेले. काही मागितलं नाही.

अहवालात 'जोखीम: मध्यम' लिहिलं होतं. खोडलं.
लिहिलं: कोरडं राहील तोवर वाट आहे.
दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी घ्यावी,
गोळीमागे अकरा पैसे जास्त.
मुल्लाणींनी बाटली दर आठवड्याला तपासावी,
आणि तपासली हे लिहून, सही करून ठेवावं.
एक दिवस कुणीतरी विचारणारच.

एक रकाना उरला होता.
खिडकीचा पडदा आत फुगला,
कागद किंचित दमट लागला बोटाला.
पश्चिमेस: वारा.